सुपरचार्जरची पुली आणि इंजिनाची जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमच्याकडे कारखान्यातूनच सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) बसवून आलेली, तीन वर्षे वापरलेली परफॉर्मन्स कार आहे. रोजच्या कामालाही तुम्ही तीच वापरता आणि वर्षातून काही वेळा ट्रॅकवर नेता. तिच्या कर्जाचे 14 हप्ते बाकी आहेत आणि वॉरंटी अजून 18 महिने चालेल. यंदाचा बोनस तुमच्या सुमारे तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे, तर आकस्मिक निधी मात्र दोनच महिने पुरेल एवढा आहे. सुपरचार्जरची लहान पुली (ज्यावरून बेल्ट फिरतो ते चाक), नवा बेल्ट आणि इसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग यांसाठी गॅरेजने दिलेला अंदाज बोनसपेक्षा थोडा जास्त आहे. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग), इंधन पंप आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) यांच्यासह पूर्ण किटचा अंदाज त्याच्या दुप्पट आहे. पहिला पर्याय बोनसमधून घ्यावा, की वैयक्तिक कर्ज काढून दुसरा एकदाच उरकावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते आज यांपैकी कोणताही घेऊ नये. हा नकार कायमचा नाही आणि हौसेला तर मुळीच नाही. हौसेचा प्रत्येक खर्च उधळपट्टीत जमा करणारा सल्लागार फार काळ कोणाच्या उपयोगी पडत नाही.

पैशांकडे वळण्यापूर्वी त्या पुलीतून नेमके काय हाती येते ते पाहू, कारण अंदाजपत्रकातला ‘बूस्टमध्ये भरघोस वाढ’ हा शब्दप्रयोग खोटा नसला तरी अपुरा आहे. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून) बेल्टने फिरतो, त्यामुळे त्याच्यावरची 80 मिलिमीटरची पुली काढून 70 मिलिमीटरची बसवली की इंजिनाच्या त्याच वेगाला त्यातले रोटर (हवा ढकलणारे फिरते भाग) सुमारे 14 टक्के जलद फिरतात. मूळ बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, 0.6 बार धरला, तर वातावरणाचा दाब मिळवून तो 1.6 बार होतो. हवा 14 टक्क्यांनी वाढल्यावर आदर्श हिशेबात हा दाब सुमारे 1.83 बार होईल आणि बूस्टचा काटा 0.83 दाखवेल. काट्यावरची ही वाढ 38 टक्क्यांची दिसते, पण इंजिनात गेलेली हवा 14 टक्क्यांनीच वाढलेली असते. त्याच हिशेबाने रूट्स पद्धतीचा (दोन रोटरांनी हवा पुढे ढकलणारा) सुपरचार्जर फिरवायला लागणारी शक्ती दीडपटीच्या पुढे जाते, आणि ती इंजिनाकडूनच वसूल होते. त्यामुळे केवळ पुलीने चाकांपर्यंत पोहोचणारी वाढ 14 टक्क्यांच्या आतच राहते असे धरून चालावे.

यापुढचा भाग उष्णतेचा आहे, आणि तुमच्या खर्चाचा खरा विस्तार तिथूनच सुरू होतो. दाबलेली हवा तापते आणि रोटर जितके वेगाने फिरतील तितकी ती अधिक तापते. हवा फार तापली की सिलिंडरातले मिश्रण अनियंत्रितपणे पेटू लागते, याला नॉकिंग म्हणतात. त्याची चाहूल लागली की इसीयू ठिणगीची वेळ मागे सरकवतो, म्हणजेच विकत घेतलेली शक्ती स्वतःहून परत करतो. रस्त्यावरच्या एखाद्या जोरदार वेगवाढीत हे कळणार नाही, पण ट्रॅकवर लागोपाठ काही फेऱ्या मारल्यावर नक्की कळेल. शिवाय वाढलेल्या हवेला त्या प्रमाणात इंधन लागते. मूळ इंजेक्टर आधीच क्षमतेच्या टोकाला चालत असतील तर वरच्या वेगाला मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि दाबाखाली चालणाऱ्या इंजिनात पातळ मिश्रणाची किंमत पिस्टन मोजतात. लहान पुलीला बेल्टचा स्पर्शही कमी मिळतो, म्हणून बेल्ट घसरू नये यासाठी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बदलण्याची वेळ अनेकदा येते. म्हणून पहिला पर्याय मला स्वस्त वाटत नाही. तो दुसऱ्या पर्यायाचा पहिला हप्ता आहे. आज पुली आणि पुढच्या वर्षी इंजेक्टर, अशा टप्प्यांनी गेलात तर प्रत्येक टप्प्याला ट्यूनिंग नव्याने करावे लागेल, आणि ट्यूनिंगचे पैसे कोणताही सुटा भाग विकून परत मिळत नाहीत.

तरीही भागांच्या किमती हा या निर्णयातला लहान भाग आहे. आजमितीस इंजिनाला काही झाले तर वॉरंटीच्या अटींत राहून तो खर्च उत्पादकाचा आहे. पुली बदलल्या दिवसापासून तो व्यवहारात तुमचा होतो. वातानुकूलन किंवा खिडकीची मोटर यांच्या दाव्यांना कदाचित बाधा येणार नाही, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) यांच्या दाव्यात बदललेली पुली हा पहिला प्रश्न असेल. तपासणीपूर्वी मूळ पुली आणि मूळ सॉफ्टवेअर परत बसवण्याची युक्ती तुम्हाला कोणी तरी सुचवेलच. अनेक इसीयूंमध्ये पुनर्लेखनाची खूण राहते, आणि ती राहत नसती तरी माहिती लपवून केलेल्या दाव्यावर मी कोणाचेही नियोजन उभे करणार नाही. म्हणजे तुम्ही पुली विकत घेत नसून, 18 महिन्यांचे इंजिन-संरक्षण सोडून देत आहात. अंदाजपत्रकात या संरक्षणाची किंमत कुठेच धरलेली नाही.

विम्याचेही तसेच आहे. शक्ती वाढवणारा बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवावा आणि तिची लेखी संमती घ्यावी. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो, मग अपघाताचा त्या बदलाशी संबंध असो वा नसो. हप्ता वाढला तर तो दरवर्षी वाढलेला राहील, म्हणून त्याची बेरीज गाडी ठेवण्याच्या सर्व वर्षांसाठी करावी. कर्ज फिटेपर्यंत गाडी तारण आहे, तेव्हा करारात बदलांविषयी कलम आहे का तेही वाचून घ्यावे. वरच्या ऑक्टेनचे इंधन, लवकर झिजणारे टायर आणि ब्रेक पॅड हे खर्च तुलनेने किरकोळ आहेत, पण तेही वार्षिक आहेत.

पुनर्विक्रीच्या बाबतीत तुम्ही लिहिले आहे की ‘निम्मे पैसे तरी परत येतील’. ते गृहीत धरू नये. अशा गाडीचा गिऱ्हाईक-वर्ग लहान असतो, आणि त्यातला जाणकार माणूस बदललेल्या गाडीकडे ‘हिला किती पिळले असेल’ याच नजरेने पाहतो. मूळ पुली जपून ठेवली आणि विकण्यापूर्वी गाडी पूर्ववत केली, शिवाय बदल झाल्याचे खरेदीदाराला स्पष्ट सांगितले, तर सुटे भाग वेगळे विकून थोडेफार मिळू शकेल. नियोजनात मात्र ही रक्कम शून्य धरावी.

यावरून वैयक्तिक कर्जाचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. बसवल्या क्षणी ज्याची बाजारातली किंमत बहुतांश संपते, ज्यातून उत्पन्न नाही आणि ज्याने पुढचा वार्षिक खर्च वाढतो, अशा वस्तूवर व्याज भरू नये. त्यातही इंजिन बिघडले तर गाडीचे हप्ते, किटचे हप्ते आणि दुरुस्तीचे बिल ही तिन्ही एकाच महिन्यात समोर येतील, आणि कामावर जायला गाडी नसेल. दोन महिन्यांच्या निधीवर हा प्रसंग निभावता येणार नाही.

माझी सूचना अशी. बोनसचे तीन समान भाग करून दोन आकस्मिक निधीत टाकावेत, म्हणजे तो चार महिन्यांचा होईल. तिसरा भाग ‘गाडी निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावा. गाडीचा हप्ता तुमच्या घरखर्चाच्या साधारण एक-तृतीयांश आहे. 14 महिन्यांनी कर्ज फिटले की तीच रक्कम पुढचे 6 महिने आकस्मिक निधीत जाऊ द्यावी. म्हणजे आजपासून 20 महिन्यांनी सहा महिन्यांचा निधी पूर्ण होईल, आणि तोवर वॉरंटीही संपलेली असेल. त्यानंतर हीच रक्कम गाडी निधीत वळवावी. पुढच्या वर्षीच्या बोनसवर मी मुद्दाम काही अवलंबून ठेवलेले नाही. तो आला तर सगळा गाडी निधीत घालायला माझी हरकत नाही.

मधल्या काळात हात बांधून बसण्याची गरज नाही. आत्ताच एकदा डायनोवर (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी आणि सिलिंडर दाब किती धरतात हे पाहणारी कम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. त्यातून दोष आढळला तर तो वॉरंटीत दुरुस्त होऊ शकेल, आणि न आढळल्यास पुढे तुलनेला आधार राहील. इंटरकूलरच्या पाण्याचा पंप, कूलंट आणि स्पार्क प्लग उत्पादकाने ठरवलेल्या प्रतीचे व स्थितीचे असावेत. ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला चांगल्या प्रशिक्षकाबरोबरचा एक दिवस प्रत्येक फेरीत पुलीइतकाच वेळ वाचवून देऊ शकतो, आणि त्यासाठी गाडीत काहीच बदलावे लागत नाही.

वेळ आल्यावर गॅरेजकडून दोन लेखी अंदाज मागवावेत. पहिला पुली, बेल्ट, टेन्शनर, शीतकरण, इंधनपुरवठा आणि एकदाच करायचे ट्यूनिंग या सगळ्यांचा एकत्रित असावा. उपलब्ध पुल्यांपैकी सर्वांत लहान न निवडता, मूळ इंजेक्टरांच्या मर्यादेत बसणारी मधली निवडली तर तो बराच खाली येईल. दुसरा अंदाज त्याच इंजिनाच्या संपूर्ण पुनर्बांधणीचा असावा. गाडी निधीतून पहिली रक्कम दिल्यावर दुसरी रक्कम शिल्लक राहत असेल, तर आकस्मिक निधीला हात न लावता काम खुशाल सुरू करावे. राहत नसेल, तर गॅरेजला पुढची तारीख द्यावी.