भावाच्या जमिनीचं पाप देव माफ करील का?

तुम्ही लिहिलंत की म्हापशाजवळची वडिलोपार्जित जमीन विकताना भावाची सही तुम्हीच ठोकलीत, त्याचा वाटाही ठेवून घेतलात, आणि आता तो हयात नाही. ज्याची माफी मागायची तोच गेला, मग देव तरी का माफ करील, असं तुम्ही विचारता. गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते आहे, त्या भरवशावर सांगते: करील. यात मला तिळमात्र शंका नाही.

पाप मात्र हलकं नाही. गंभीर कृत्य, पूर्ण जाणीव आणि राजीखुशी, मर्त्य म्हणजे सर्वांत गंभीर पापाच्या तिन्ही अटी इथे भरतात. पण बायबलमधल्या दावीद राजाकडे बघा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 11वा आणि 12वा अध्याय आजच काढून वाचा. उरीयाची बायको त्याने घेतली, मग उरीयाला लढाईत पुढे ठेवून मरू द्यावं असं पत्र लिहिलं आणि ते त्याच्याच हाती पाठवलं. म्हणजे त्याचाही गुन्हा कागदावरच झाला, आणि माफी मागायला उरीया उरला नव्हता. नाथान संदेष्ट्यासमोर दावीद एवढंच म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. नाथानाने तिथल्या तिथे सांगितलं की देवाने तुझं पाप दूर केलं. परिणाम त्याला भोगावे लागले, पण माफी त्यासाठी थांबली नाही.

तेव्हा आधी कुमसाराला, म्हणजे पाद्रीपाशी पापांची कबुली द्यायला, जा. आपल्या पाद्रीबापासमोर तोंड उघडत नसेल तर जुन्या गोव्याला जा. सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताआधी (सणाआधी) 24 नोव्हेंबरपासून नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते. त्या गर्दीत तुम्हाला कोण ओळखणार? जाळीपाशी गुडघे टेका, शेवटचा कुमसार कधी केला ते सांगा, आणि सरळ बोला: भावाची सही खोटी केली, एवढ्या वेळा केली, पैसे घेतले. 'घरची परिस्थिती अशी होती' हे पुराण लावू नका. फादर प्रायश्चित्त देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाल, ते पापमुक्ती देतील. कुमसारात ऐकलेलं पाद्रीला कुणालाच सांगता येत नाही, पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही. ते बंधन मोडणाऱ्या पाद्रीला चर्च बहिष्कृत करतं.

आता अवघड भाग. पैसा परत करायचा खरा निश्चय नसेल तर तो पश्चात्ताप नव्हे. भाऊ नाही, पण वहिनी आणि पुतणे आहेत. त्याचा वाटा त्यांचा. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने येशूला, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं. तुमच्याकडे एकरकमी नसेल तर हप्त्याहप्त्याने द्या, पण सुरुवात करा. चारचौघांत स्वतःची अब्रू घालवलीच पाहिजे असं चर्च सांगत नाही. रक्कम कशी पोचवायची ते फादरांशी बोलून ठरवा. कायद्याची बाजू वेगळी आहे. कुमसाराने दस्तऐवज दुरुस्त होत नाही, त्यासाठी चांगला वकील गाठा.

आणि 'माझं पाप फार मोठं' असं म्हणत घरी बसू नका. येशूला पकडून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्यासाठी घेतलेली 30 नाणी त्याने परतही केली. पण तो गेला याजकांकडे, येशूकडे नाही. येशूचा शिष्य पेत्र मात्र 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणूनही परतला. येत्या शनिवारी कुमसार किती वाजता असतो ते इगर्जीत विचारून घ्या. भावाच्या नावाने मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) ठेवायची असेल तर तेही त्याच वेळी सांगा.