अंतर राखून वाघ टिपताना

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहकुटुंब ताडोबाला जाणार आहोत. माझ्याकडे १०० ते ४०० मिमीची झूम लेन्स आहे. वाघाचे चांगले छायाचित्र हवे असेल तर ६०० मिमीची लेन्स भाड्याने घ्या, नाहीतर गाईडला सांगून जिप्सी जवळ घ्यायला लावा, असे ओळखीचे लोक सांगतात. आपला सल्ला काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली लेन्स पुरेशी आहे, आणि जिप्सी जवळ घ्यायला लावण्याचा सल्ला कृपया मानू नका. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ४०० मिमीची लेन्स लावली तर ३० मीटर अंतरावर चौकटीत सुमारे २.७ मीटर रुंदीचे दृश्य मावते. म्हणजे आडवा चालणारा मोठा नर वाघ शेपटीसह जेमतेम बसेल. कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, असेल तर तीच चौकट साधारण ४५ मीटरवरून मिळते. वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर दूर राहण्याचा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक पाळूनही मनासारखी चौकट सहज मिळू शकते.

दूर राहण्याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. उघड्या जिप्सीत बसल्यावर आपला कॅमेरा वाघाच्या डोळ्यांपेक्षा बराच उंच असतो. वाघ अगदी जवळ असेल तर छायाचित्रात त्याची पाठ आणि कपाळच भरते, आणि एवढे रुबाबदार जनावर खुजे दिसते. अंतर वाढत जाते तसा हा उतरता कोन कमी होतो, नजर त्याच्या नजरेच्या पातळीवर येते आणि मागे लगतच्या जमिनीऐवजी दूरचा बांबू व साग धूसर येऊन वाघ उठून दिसतो. मात्र शंभर-दीडशे मीटरपलीकडच्या वाघासाठी मे महिन्याच्या उन्हात ६०० मिमीचाही उपयोग नाही, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या येतात. अशा वेळी त्याच्या अधिवासाचेच छायाचित्र घ्यावे. तळ्याकाठी दूरवर चालणारा लहानसा वाघ मला तरी चेहऱ्याने भरलेल्या चौकटीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे वाघ पाणवठा फार सोडत नाही. त्याच्या मागे धावण्यापेक्षा पाणवठ्यापासून योग्य अंतरावर, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने जिप्सी उभी करायला सांगा आणि इंजिन बंद ठेवून थांबा. पाण्यात उतरताना वाघ पुष्कळदा पाठमोरा येतो, मागचे पाय आधी पाण्यात टाकतो आणि तोंड काठाकडेच ठेवून हळूहळू बसतो. काठाच्या बाजूला थांबलेल्याला म्हणूनच त्याचा चेहरा समोरून मिळतो. तोवर कान उघडे ठेवा. चितळ पुष्कळदा नुसत्या संशयानेही कॉल (धोक्याचा इशारा) देते, पण सांबराचा घोगरा कॉल त्याच दिशेने पुन्हा पुन्हा येऊ लागला, की वाघ किंवा बिबट जवळपास असल्याचे जाणकार गाईड बहुधा खात्रीने सांगतात.

चालत्या वाघासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/८०० तरी ठेवावा, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवायला कचरू नये, कारण थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही. मागे गर्द सावली असली की कॅमेरा फसतो आणि वाघाच्या गालावरचा पांढरा भाग जळून जातो, म्हणून एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावे. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. धान्य भरलेली कापडी पिशवी गजावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. मोबाइल आत नेण्यास मनाई आहे, तेव्हा त्याच्यावर विसंबून राहू नका.

वाघ रस्त्यावरून आपल्याकडे येत असेल तर जिप्सी मागे घ्यायला सांगा, आणि पुढेमागे गाड्यांची कोंडी होऊ लागली तर छायाचित्र सोडून द्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि चालकांवर कारवाई झाली, हे योग्यच झाले. पण ‘अजून थोडे पुढे’ हा आग्रह बहुतेक वेळा कॅमेरा धरलेल्या पाहुण्याचा असतो, आणि त्याला नाही म्हणणे रोजंदारीवरच्या माणसाला फार जड जाते. म्हणून फाटकातून आत शिरण्यापूर्वीच, आम्हाला जवळ जायचे नाही, असे आपण होऊन त्यांना सांगावे.

प्रश्न : हौशी माणसाने काढलेल्या छायाचित्राचा अभ्यासासाठी काही उपयोग होतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होतो, अट इतकीच की वाघाची कूस, म्हणजे शरीराची बाजू, स्पष्ट दिसली पाहिजे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच वाघाची डावी व उजवी कूसही वेगळी असते. कॅमेरा ट्रॅपने (जंगलात लावलेल्या, आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी) होणारी वाघांची गणना याच खुणेवर चालते. त्यामुळे चेहऱ्याचे छायाचित्र मिळाल्यावर, वाघ आडवा वळला तर त्या बाजूचेही एक घ्यावे, तारीख आणि वेळ नोंदवावी आणि जखम किंवा गळ्यात फास दिसला तर ते छायाचित्र त्याच दिवशी फाटकावरच्या वनकर्मचाऱ्यांना दाखवावे. समाजमाध्यमांवर टाकताना मात्र नेमका पाणवठा, रस्ता किंवा बछड्यांची जागा लिहू नये, आणि छायाचित्रासोबत जीपीएसची नोंद जात असेल तर ती आधी काढून टाकावी.