शाळेजवळच्या चौकात सर्कल हवे की सिग्नल?

प्रश्न : आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, ऊसपट्ट्यातले. नगरपरिषद शाळेपुढचा रस्ता काँक्रीटचा करणार आहे आणि शाळेलगतच्या दोन चौकांत सर्कल बांधायचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत आहे. काही नगरसेवकांना सर्कलऐवजी सिग्नल हवा आहे, काहींना सर्कल मोठे करून मधे कारंजे हवे आहे. हंगामात या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. माझी मुलगी सहावीत आहे, सायकलने जाते. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. सर्कलमुळे मुलांचा धोका कमी होईल की वाढेल? आम्ही सभेकडे नेमके काय मागावे?
– एक पालक

उत्तर : ताई, सर्कलच मागा. पण लहान मागा, आणि नकाशा हातात पडल्याशिवाय होकार देऊ नका. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, रस्त्यांवर गेली. शाळेजवळच्या चौकात मी एकच गोष्ट आधी बघतो : मुलांजवळून जाताना गाडीचा वेग किती असतो. तो ताशी ३० किलोमीटरच्या आत आला, तर चालकाला थांबायला अवधी मिळतो आणि धक्का लागलाच तरी मूल वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात किंवा मिळतात. एका पदराच्या सर्कलमध्ये अशी ८ ठिकाणे उरतात, आणि काटकोनातली जीवघेणी धडक जवळपास टळते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कार्मेल शहराने, महापौर जिम ब्रेनार्ड यांच्या १९९६ ते २०२३ या कारकिर्दीत, सिग्नल काढून एकामागून एक सर्कल बांधली. आज तिथे दीडशेच्या जवळपास आहेत. त्या देशात जुने चौक बदलून सर्कल केले, तिथल्या अभ्यासात माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलेले दिसले.

“आपल्याकडे थांबतंय कोण?” असे सभेत कोणीतरी म्हणणारच. ब्रिटनमध्येही सर्कल तुंबायची. आत शिरणाऱ्याने आत असलेल्या गाडीसाठी थांबायचे, हा नियम तिथे १९६६ मध्ये सक्तीचा झाला आणि मग ती सुरळीत चालू लागली. आपल्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही आत असलेल्या गाडीचाच हक्क आधी आहे. तो सगळे पाळत नाहीत, मान्य. पण सिग्नल तर पाळला तरच उपयोगी. वीज गेली की तोही गेला, आणि हिरवा पडलेला दिसला की मोटारसायकलवाला वेग वाढवतो. सर्कल नीट बांधले असेल तर कोणाच्या मनात असो-नसो, हँडल वळवावेच लागते, आणि वळवायचे तर वेग उतरवावाच लागतो.

माझा जीव अडकलाय तो ‘नीट बांधले असेल तर’ या अटीत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या १९७६ च्या शिफारशींच्या काळातली आपली सर्कल ऐसपैस असत. प्रशस्त वळणावर गाडीला वेग कमी करावाच लागत नाही. ही मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये नव्याने आली. तुमचा नकाशा त्यांना धरून आहे का, ते लेखी विचारा. कारंज्याला माझा स्पष्ट विरोध आहे. लहान मूल पाणी बघायला धावत मधे जाणार, आणि मुलांना मधल्या बेटाकडे ओढणारी एकही गोष्ट शाळेजवळ नको.

नकाशा मिळाला की पेन्सिल घ्या. एका रस्त्याने येऊन समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलची वाट त्यावर काढा. रेघ जवळजवळ सरळ निघाली, तर ती गाडी उद्या सरळच जाणार, मधे कितीही सुंदर हिरवळ लावा. रेघ आधी डावीकडे, मग बेटाला वळसा, मग पुन्हा डावीकडे अशी वाकली पाहिजे. मग रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे बघा. ते सर्कलच्या तोंडाशी नकोत. एक मोटार मधे मावेल इतके मागे हवेत. येणाऱ्या-जाणाऱ्या पदरांमध्ये छोटे दुभाजक बेट हवे, निदान दोन मीटर रुंद, म्हणजे तुमची मुलगी सायकल हातात धरून त्यात पूर्ण मावेल. अर्धा रस्ता ओलांडायचा, थांबायचे, दुसरीकडे बघायचे, मग उरलेला अर्धा. तिला एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात, आणि त्या वयात हा फरक फार मोठा आहे. पट्ट्यांची जागा फूटपाथच्या पातळीला उचलून घेतली तर आणखी चांगले. शिरणारा पदर मात्र एकच ठेवा. दोन असले, की एक रिक्षा मुलांसाठी थांबते आणि तिच्या आडून दुसरी गाडी सुसाट येते.

ट्रॅक्टरचे काय, हे अगदी रास्त विचारलेत. “ट्रॉल्या वळायच्या नाहीत” असे सांगूनच सर्कल मोठी केली जातात. त्यावर उपाय आहे : मधल्या बेटाभोवती किंचित उंच, खडबडीत दगडी फरसबंदीचा पट्टा. मागच्या ट्रॉलीचे चाक त्यावरून जाऊ शकते, मोटार आणि दुचाकी मात्र सहसा टाळतात. आणि काँक्रीट ओतायच्या आधी रस्त्यावर फक्की मारून, वाळूच्या गोण्या रचून सर्कल आखायला लावा. त्यातून भरल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, एसटी आणि अग्निशमनाची गाडी फिरवून बघा. पंधरवडाभर गोण्या तशाच ठेवल्या तर शाळा सुटतानाची गर्दी कुठून कशी जाते तेही कळेल. खर्च नगण्य, आणि सभेतले निम्मे वाद तिथेच मिटतील.

शाळेच्या फाटकासमोरच्या रिक्षा आणि पालकांच्या दुचाकींचा प्रश्न सर्कलने सुटणार नाही. त्यांची थांबायची जागा त्याच नकाशात दाखवायला सांगा, आणि फूटपाथ निदान १.८ मीटर मोकळा. रुंदीकरणात झाडे जाणार असतील, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

आता कागदपत्रे. शिक्षण हक्क कायद्याने तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. समितीचा ठराव मुख्याध्यापकांच्या सहीने मुख्याधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. नकाशा सहज मिळाला नाही, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. ठरावात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ चा उल्लेख करा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार, रस्त्याची ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, सल्लागार किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढची चर्चा गांभीर्याने होईल.

एक अट मात्र ठरावात वेगळ्या ओळीत लिहा : चौकांचे खोदकाम उन्हाळी सुट्टीतच सुरू करायचे आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत संपवायचे. कार्यादेश लांबला, तर खोदाईच्या आधी पत्रे ठोकून मुलांसाठी जायची बंदिस्त वाट करून द्यायची, आणि शाळा भरताना व सुटताना तिथे ठेकेदाराचा माणूस उभा राहील हे निविदेतच घालून घ्यायचे.