‘कधी खेळणार?’ हे त्याला सध्या विचारू नका

मैदानाबाहेर : खेळाडूंच्या दुखापतींविषयी वाचकांचे प्रश्न आणि कोल्हापुरातल्या एका फिजिओथेरपिस्टची उत्तरं

प्रश्न : मॅडम, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर बॉल घेऊन वळताना एकटाच पडला. कुणी पायसुद्धा लावला नव्हता. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटल्याचं एमआरआयमध्ये आलं, ऑपरेशन झालं, त्याला आता सहा महिने होत आले. परवा तो तालमीसमोर ताठ चालत आला. जिना चढतो, मोटारसायकल चालवतो. लीग तोंडावर आली आहे आणि विचारलं की म्हणतो, अजून तीन-चार महिने तरी नाही. पोरं म्हणतात, घाबरलाय. दुसऱ्या पेठेनं फोडलाय असंही काहीजण बोलायला लागलेत. खरं काय समजायचं?
— एक समर्थक, मंगळवार पेठ

उत्तर : दादा, तो सांगतोय तेच खरं समजा.

कुणी पाय लावला नव्हता हे तुम्हीच लिहिलंय. एसीएल बहुतेक वेळा असाच तुटतो. पळता पळता झटकन दिशा बदलली, किंवा हेडर मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळला, की संपलं. खेळाडूला आतून ‘फट्’ असं काहीतरी जाणवतं आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा लिगामेंट, म्हणजे दोरीसारखा पट्टा. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा फिरू न देणं हे त्याचं काम. सरळ चालायला त्याची फारशी गरज पडत नाही. म्हणून जिना चढला, गाडी चालवली, यावरून तो खेळायला तयार आहे असं म्हणता येत नाही. त्याची परीक्षा होणार ती पूर्ण वेगात पळताना, डिफेंडर अंगावर आला असताना, डाव्या पायावर थांबून उजवीकडे वळताना.

आता ऑपरेशनचं. तुटलेला लिगामेंट सहसा शिवून टिकत नाही. म्हणून खेळाडूच्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिथे बसवतात. टाके सुकले, सूज उतरली म्हणजे तो लिगामेंट झाला असं नाही. बसवलेल्या टेंडनला आत नव्यानं रक्तपुरवठा व्हावा लागतो, त्याची घडण बदलावी लागते. सुरुवातीच्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. दुखणं मात्र तोवर जवळजवळ गेलेलं असतं. पोरगा हसतोय, चालतोय, वरून सगळं छान दिसतंय आणि आत काम अर्धवट आहे, असा हा काळ. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच महिन्यांची.

हे मी मनाचं सांगत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ चा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळे मानतात. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितका थांबेल, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्यामागे साधारण निम्म्यानं कमी होते, असं त्यात दिसलं. निम्म्यानं! तुमचा स्ट्रायकर सहाव्या महिन्यात आहे. लीगच्या चार मॅचसाठी त्याला आत्ता उतरवायचं म्हणजे त्याचे पुढचे सगळे हंगाम पणाला लावायचे.

आणि नऊ महिने भरले म्हणजे आपोआप हिरवा झेंडा मिळाला असंही नाही. त्याच अभ्यासात चाचण्या पूर्ण न करता मैदानात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पूर्ण करून परतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होतं. चाचण्या म्हणजे काय? ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, तिरक्या उड्या, त्याही तितक्याच जवळ हव्यात. माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या मांडीला मी टेप लावते तेव्हा दोन पायांतला फरक बघून त्यांचाच चेहरा उतरतो. पॅंटच्या आत झाकलेली ती बारीक झालेली मांडी तालमीसमोर कुणाला दिसत नाही.

तुमच्या कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींना ब्राझीलचा रोनाल्डो आठवत असेल. नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीतल्या इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन फाटला. तुमच्या खेळाडूची दुखापत वेगळी आहे, पण घाईचा प्रश्न तोच. पाच महिन्यांत, १२ एप्रिल २००० ला, रोममध्ये लाझिओविरुद्धच्या कप फायनलला तो बदली म्हणून उतरला. सहा-सात मिनिटांत तोच टेंडन पूर्ण तुटला. कुणी हात लावला नव्हता. त्यानंतर मात्र तो सावकाश परतला, आणि २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं आठ गोल केले, त्यातले दोन फायनलला जर्मनीविरुद्ध. हे पोरांना जरूर सांगा. परत येता येतं. आधी थांबावं लागतं.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण मला बोलायचंच आहे ते.

मी याच गावात वाढले. पेठेतल्या सामन्याला गॅलरीतून उठणारा आवाज माझ्या अंगावर आजही काटा आणतो. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं इथं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. तालमींच्या जिवावर कितीतरी पोरं दर हंगामात एवढ्या गर्दीपुढे खेळतात, असं भाग्य महाराष्ट्रातल्या किती गावांना आहे? म्हणूनच सांगते, त्या गॅलरीचं वजन खेळाडूच्या गुडघ्यावर पडतं. उपचाराच्या टेबलावर पडलेली पोरं मला ‘गुडघा कसा आहे’ हे नंतर विचारतात. आधी सांगतात, ‘मॅडम, चौकात तोंड दाखवायला नको वाटतंय.’ ‘फोडलाय’ हा शब्द तुमच्यासाठी संध्याकाळच्या गप्पांतला असेल. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या कानावर तो गेला की तो घरी येऊन व्यायाम दुप्पट करतो, सूज आणतो, किंवा वेदनाशामक इंजेक्शन घेऊन एक मॅच खेळतो. इंजेक्शननं दुखणं कळेनासं होतं, टेंडन काही पक्का होत नाही. आणि हो, मालीश करणाऱ्याकडेही त्याला पाठवू नका. कुस्तीच्या या गावात मालीश करणाऱ्या हातांना मोठा मान आहे, थकलेल्या अंगाला त्याचा उपयोगही होतो, पण नव्यानं बसवलेल्या लिगामेंटवर गुडघा दाबून-वळवून काही करणं म्हणजे नुकसान.

मग तुम्ही काय करायचं? ऑपरेशनला तालमी वर्गणी काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ऑपरेशन एका दिवसात होतं. त्यानंतर आठ-नऊ महिने फिजिओथेरपी लागते, आणि त्या वेळेपर्यंत वर्गणीही संपलेली असते, लक्षही दुसरीकडे गेलेलं असतं. बरीच पोरं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणं बंद करतात ती पैशासाठी. तेवढ्याची सोय करा. बक्षिसाच्या रकमेतला एक भाग जखमी खेळाडूंसाठी बाजूला काढला तरी पुष्कळ होईल. त्याला प्रॅक्टिसला बोलवा, खेळवायला नव्हे, बाजूला व्यायाम करायला आणि नवीन पोरांना दोन गोष्टी सांगायला. मॅचला तो संघाच्या बाकावर बसू दे, गॅलरीत तोंड लपवून नको. आणि विचारायचंच असेल तर ‘आज व्यायाम झाला का?’ असं विचारा.

बाकीच्या संघाचंही बघा. फिफानं तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे. वीसेक मिनिटं लागतात, साहित्य लागत नाही, आणि नियमित केला तर दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात, हे अनेक देशांत तपासलेलं आहे. उन्हाळ्यात मैदान कडक झाल्यावर दुपारच्या मॅचला दोन चकरा मारून थेट उतरणारे संघ मी बघते तेव्हा जीव वरखाली होतो.

प्रश्न : आम्ही ब्राझीलवाले. वर्ल्ड कप आला की आमच्या चौकात पहिला झेंडा आमचा लागतो. पण नेमारचं काय करायचं? सारखा जखमी. मित्र म्हणतात, त्याला खेळायचंच नाही. राग येतो आणि वाईटही वाटतं.
— शिवाजी पेठ

उत्तर : वाईट वाटतं ते ठेवा, राग सोडा. या माणसाच्या अंगावर काय काय झालंय ते एकदा ओळीनं बघा. ४ जुलै २०१४, वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसला आणि मणक्याचं हाड मोडलं. चार दिवसांनी त्याच्याशिवाय ब्राझील जर्मनीकडून ७-१ हरलं. २०१८ च्या फेब्रुवारीत पायाच्या पंज्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तरी जूनमध्ये तो वर्ल्ड कप खेळला. २०१९ मध्ये आधी पंजा, मग घोटा, कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा हुकली. २०२२ च्या वर्ल्ड कपला सर्बियाविरुद्ध घोटा गेला, तरी तो परतला आणि क्रोएशियाला गोल मारला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून त्यानं ब्राझीलसाठी पेलेचे ७७ गोल मागे टाकले आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, उरुग्वेविरुद्ध डाव्या गुडघ्याचा एसीएल आणि आतली गादी (मेनिस्कस) दोन्ही गेलं.

एक वर्षाहून जास्त काळ तो थांबला. घाई केली असं म्हणता येणार नाही. परतल्यावर दोन आठवड्यांत मांडीचा मागचा स्नायू गेला, आणि पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या सान्तोस क्लबला आल्यावरही मांडीनं त्याला पुन्हा बाहेर बसवलं. इतका काळ खेळाबाहेर राहिलेल्या शरीरात असं होतं. गुडघा बरा झाला तरी मांडी, पोटरी, कंबर यांना मॅचचा वेग सहन करायची सवय राहिलेली नसते, आणि एका जागचा अशक्तपणा दुसऱ्या जागी फुटतो. ‘खेळायचंच नाही’ म्हणणाऱ्या मित्रांना डिसेंबर २०२५ ची गोष्ट सांगा. सान्तोस खालच्या डिव्हिजनला जायच्या काठावर होतं. नेमार दुखावलेल्या गुडघ्यानंच उतरला, ज्युव्हेंटुडेविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक केली, संघ वाचला आणि मग तो ऑपरेशनला गेला. फिजिओ म्हणून मी त्याला असं खेळायचा सल्ला दिला नसता. पण ज्याला खेळायचं नाही तो असं करत नाही.

झेंडा लावा. त्याचं नाव असलेला लावा.

प्रश्न : माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. एसीएलच्या ऑपरेशनला दहा महिने झाले. डॉक्टर आणि फिजिओ दोघंही म्हणतात, सगळ्या चाचण्यांत पास आहे. पण मैदानावर गेला की टॅकल आला तर पाय मागे घेतो, आणि घरी येऊन बोलत नाही. वडील म्हणतात, आता सोडून दे. काय करू?
— एक आई, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : ताई, हे फार जणांचं होतं आणि ते खोटं नसतं. अशा ऑपरेशननंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे जगभरात साधारण ५५ टक्केच आहेत. उरलेल्यांपैकी कित्येकांचे गुडघे चांगले असतात. पुन्हा तसंच होईल ही भीती त्यांना अडवते. त्याला ‘घाबरू नको’ म्हणून उपयोग नाही. प्रशिक्षकांना भेटा आणि पायऱ्या पाडून द्यायला सांगा. आधी एकट्यानं बॉल घेऊन वळणं, मग अंगावर न येणाऱ्या एका साथीदारासमोर, मग हलका टॅकल, मग छोट्या मैदानावर पाचास पाच. जिथे पाय मागे जातो त्या पायरीवर आठवडाभर थांबायचं. पहिल्या मॅचला शेवटची पंधरा मिनिटंच उतरवायचं, तेही घासून होणाऱ्या सामन्यात नको. जमलं तर क्रीडा मानसोपचारातल्या माणसाशी एक-दोनदा बोलणं करून द्या.

सोडायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, पण या हंगामाच्या शेवटी. वडिलांना तेवढं थांबायला सांगा.