नोटिशीला उत्तर दिलं नाहीत, ते आधी बघू

प्रात्यक्षिकाच्या अहवालात नक्कल केल्याच्या आरोपावरून तुम्हाला महाविद्यालयाची कारणे दाखवा नोटीस आलीय, प्रकरण चौकशी समितीपुढे आहे आणि तुम्ही मला विचारताय: ‘प्रयोग गटाने केला, मग निरीक्षणं सारखी येणारच ना?’ तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं या एकाच वाक्याभोवती फिरतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची अशी पत्रं मला नेहमी येतात आणि बहुतेकांत हाच मुद्दा असतो. मुद्दा खरा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. निरीक्षणांवर कोणी बोट ठेवलेलंच नाही.

बोट ठेवलंय ते ‘चर्चा आणि निष्कर्ष’ या भागावर. चौघांच्या गटातले दोन अहवाल, तुमचा आणि तुमच्या मित्राचा, तिथे शब्दशः सारखे आहेत, आणि दोन्हींत लाळेतलं अमायलेज (पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर) ७३ अंशांना सर्वाधिक क्रियाशील असल्याचं लिहिलंय. हवे होते ३७, झाले ७३. एकाच्या हातून असे आकडे उलटे पडू शकतात, दोघांच्या हातून एकाच ओळीत ते कसे उलटले हे समितीला पटवणं अवघड आहे. शिवाय सत्राच्या सुरुवातीला तुम्ही सही केलेल्या सूचनापत्रात ‘निरीक्षणे गटाने, अहवाल स्वतंत्रपणे’ असं लिहिलंय, हे तुम्हीच कळवलंत. मित्राला फाइल ‘फक्त फॉरमॅट बघायला’ दिली होती, हेही.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते. तुमच्या पत्रात ते शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता आलंय. कारणे दाखवा नोटिशीला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. आज एकोणीस दिवस झाले. ‘सर ओळखीचे आहेत, समजून घेतील’ म्हणून तुम्ही थांबलात. मित्राने तिसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. त्यात काय लिहिलं हे तुम्हाला माहीत नाही, आणि समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. अहो, चार पानं मला लिहायला वेळ मिळाला, एक पान प्राचार्यांना लिहायला मिळाला नाही?

परीक्षेतल्या गैरप्रकाराबद्दल शिक्षा करण्याआधी विद्यार्थ्याला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घनश्याम दास गुप्ता प्रकरणात स्पष्ट केलं. हा निकाल विद्यार्थ्यांना कुठून तरी कळतो आणि ते निर्धास्त होतात. पण कायदा संधी देण्याची सक्ती करतो. दिलेली संधी तुम्ही घेतली नाहीत, तर ‘माझं ऐकलंच नाही’ ही तक्रार पुढे कुठेही फारशी टिकत नाही. त्याच दशकातलं बागलेश्वर प्रसाद प्रकरण तर तुमच्या जास्त जवळचं आहे. दोन उत्तरपत्रिकांतल्या चुकीच्या उत्तरांचं साम्य हा परिस्थितिजन्य पुरावा तिथे पुरेसा मानला गेला. नक्कल करताना कोणी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे असं नाही, आणि फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावाही लागत नाही.

म्हणून आजच, संध्याकाळच्या आत, खुलासा द्या. ईमेल पाठवाच, पण छापील प्रत कार्यालयात नेऊन आवक क्रमांक टाकून घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला खुलासा म्हणजे न दिलेला खुलासा, इतकं धरून चाला. पहिल्या परिच्छेदात उशिराचं खरं कारण एका वाक्यात लिहा आणि उशीर माफ करण्याची विनंती करा. आजारपणाचा दाखला आणू नका, तुम्ही आजारी नव्हता. मग दोन मागण्या करा. तुमच्याविरुद्ध जे वापरलं जाणार आहे, म्हणजे दुसरा अहवाल, त्याने दिलेला खुलासा आणि साम्याचा तक्ता असेल तर तो, या सगळ्याच्या प्रती मागा. आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. या मागण्या लेखी करूनही प्रती न देता शिक्षा झाली, तर पुढे लढायला काहीतरी हाती राहील. आज तुमच्या हातात काहीच नाही.

फाइल दिल्याचं लपवू नका. मित्राच्या उत्तरात ते असण्याची शक्यता दाट आहे. देणाराही दोषी धरला जातो का, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमावर ठरेल. बहुतेक ठिकाणी धरतात, शिक्षेच्या प्रमाणात मात्र फरक पडू शकतो. त्यासाठी मूळ फाइल कधी तयार झाली, तिच्या आधीच्या आवृत्त्या, मित्राला पाठवल्याची तारीख आणि वेळ, हे सगळं जपून ठेवा. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करत बसू नका. तिची प्रत काढा आणि तीच हाताळा. प्रात्यक्षिकाच्या वहीत कच्चे आकडे तुमच्या अक्षरात असतील तर ती वही सुनावणीला न्या. त्या आकड्यांत ३७ दिसत असेल, तर निदान चूक टंकलेखनाची आणि तुमची, हे तरी दाखवता येईल. सरांना व्हॉट्सॲपवर ‘सॉरी सर, पुन्हा होणार नाही’ असं पाठवलंत, ते कबुली म्हणून वाचलं जाईल. माफी फाइल दिल्याबद्दल होती, नक्कल केल्याबद्दल नव्हती, हे खुलाशातच लिहून टाका.

मित्रांनी सांगितलेलं ‘दहा टक्के साम्य चालतं’ हे डोक्यातून काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण तिथे ‘लिखाणा’च्या व्याख्येतूनच असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका वगळल्या आहेत. ती सवलत प्रबंध-शोधनिबंधांपुरती. पोलीस केसची भीतीही सोडा. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा २०२४ चा केंद्रीय कायदा भरती आणि प्रवेशाच्या मोठ्या परीक्षांसाठी आहे, तुमच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करायला हरकत नाही. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क २०११ पासून मान्य आहे. पण तिथे तीस दिवसांची मुदत असते आणि तुमची समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. निर्णय विरुद्ध गेलाच तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या निर्णयानंतर पंधरा दिवसांत लोकपाल (विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला विद्यापीठाने नेमलेला), हा मार्ग आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत आहे. गैरप्रकाराचं प्रकरण त्यात बसेल की विद्यापीठाच्या स्वतंत्र अपिलात, हे आदेश पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

उच्च न्यायालयाचं विचारलंत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते, पण शैक्षणिक निर्णयांत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. घातलाच तर परीक्षेला ‘अंतिम निकालाच्या अधीन राहून’ बसू देतात. मग याचिका बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, येते, वेळेअभावी पुढे ढकलली जाते, पुन्हा येते. तोवर पदव्युत्तर प्रवेशाची मुदत निघून जाते आणि तुमचा निकाल राखून ठेवलेलाच असतो. जिंकूनही वर्ष गेलेले पक्षकार मी पाहिलेत. तिथे जायची वेळ आलीच तर पहिला प्रश्न हाच असेल: नोटिशीला उत्तर दिलंत का?

आणि खुलाशावर तारीख आजचीच टाका. उशीर झाकायला मागची तारीख टाकलीत, तर आवक नोंदवहीशी ती जुळणार नाही, आणि समितीसमोर एकाऐवजी दोन गैरप्रकार असतील.