स्नॅपशॉट माउंट करताच सर्व्हर कोसळतो तेव्हा

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर रात्रीच्या बॅकअपसाठी आम्ही ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइलसिस्टिम) व्हॉल्यूमचा एलव्हीएम (डिस्कच्या जागेची विभागणी सांभाळणारी प्रणाली) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन माउंट करतो, म्हणजे वापरासाठी जोडतो. गेल्या आठवड्यात दोनदा काही मिनिटांतच कर्नल पॅनिक होऊन (गंभीर त्रुटीमुळे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा थांबून) संपूर्ण सर्व्हर बंद पडला. एका स्नॅपशॉटमुळे असे कसे होते?

उत्तर : स्नॅपशॉटमध्ये फायलींबरोबर मूळ फाइलसिस्टिमचा सुपरब्लॉकही (तिची मूलभूत माहिती ठेवणारा भाग) जसाच्या तसा येतो, आणि त्रुटी आढळल्यास काय करायचे हे त्यातच नोंदलेले असते : काम चालू ठेवायचे, केवळ-वाचन स्थितीत जायचे, की पॅनिक करायचे. कोणीतरी पूर्वी मूळ व्हॉल्यूमवर पॅनिकचा पर्याय निवडला असेल, तर तो स्नॅपशॉटलाही लागू होतो. ट्यून-टू-एफएस या, फाइलसिस्टिमची सेटिंग्ज दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत ‘एरर्स बिहेविअर’ ही ओळ पाहा. तिथे ‘पॅनिक’ असल्यास स्नॅपशॉट माउंट करताना एरर्स-रीमाउंट-आरओ (त्रुटी आल्यास केवळ-वाचन स्थितीत जा) हा पर्याय आवर्जून द्या.

आता त्रुटी मुळात येते कुठून? मूळ व्हॉल्यूमवरील एखादा ब्लॉक स्नॅपशॉटनंतर प्रथमच बदलतो, तेव्हा त्याची जुनी प्रत स्नॅपशॉटसाठी राखलेल्या जागेत ठेवली जाते. रात्री लेखन जास्त झाले की ही जागा भरते, एलव्हीएम स्नॅपशॉट अवैध ठरवते आणि माउंट केलेल्या फाइलसिस्टिमला वाचन-लेखनाच्या त्रुटी मिळू लागतात. बॅकअप चालू असताना एलव्हीएस आज्ञेतील डेटा टक्केवारी (राखलेली जागा किती भरली ते) पाहत राहा. जागा आपोआप वाढवण्याची मर्यादा मुळात १०० असते, म्हणजे ही सोय बंदच असते. ती ७० करावी, असे मला वाटते.

टक्केवारी कमी असूनही त्रुटी आल्यास मूळ फाइलसिस्टिमच बिघडलेली असू शकते. अशा वेळी नवा स्नॅपशॉट घेऊन, माउंट न करता, त्यावर ई-टू-एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. एलव्हीएम स्नॅपशॉट लिहिण्याजोगा असल्याने दुरुस्ती त्याच्यातच होते आणि मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही.

प्रश्न : पॅनिकनंतर लॉगमध्ये काहीच सापडत नाही. कारण कसे शोधावे?

उत्तर : पॅनिकच्या क्षणी शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे रीबूटनंतर जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) चाळणे बहुधा व्यर्थ ठरते. केडम्प (पॅनिकच्या वेळची मेमरी जतन करणारी सोय) सुरू करा. त्यासाठी बूटच्या वेळीच क्रॅश-कर्नलकरिता (पॅनिकनंतर ही नोंद घेणारा दुसरा कर्नल) मेमरी राखून ठेवावी लागते. तेवढी मेमरी नसल्यास नेटकन्सोल वापरून कर्नलचे संदेश यूडीपीने (नेटवर्कवर संदेश पाठवण्याची एक साधी पद्धत) दुसऱ्या यंत्रावर पाठवता येतात. वेगळे न सांगितल्यास ते संदेश त्या यंत्राच्या ६६६६ पोर्टवर जातात.

प्रश्न : एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट केवळ-वाचन स्थितीतही माउंट होत नाही, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) आधीच वापरात असल्याचा संदेश येतो.

उत्तर : मूळ आणि स्नॅपशॉट यांचा यूयूआयडी एकच असल्याने कर्नल नकार देते. नो-यूयूआयडी हा पर्याय द्या. मात्र केवळ-वाचन म्हटले तरी एक्सएफएस आधी लॉग (अपूर्ण राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. स्नॅपशॉटचे साधन खरोखरच लेखनबंद असेल, तर नो-रिकव्हरी (लॉग चालवू नका) हाही पर्याय जोडावा लागेल, आणि मग काही फायली अर्धवट दिसू शकतात हे गृहीत धरावे.