एका मण्यानं एवढं काय बिघडतं?

प्रश्न: मॅडम, प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ ना, मग शेकडो मण्यांत एखादा चुकला तर काय होतं एवढं?

उत्तर: खूप होतं रे! रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन, हिमोग्लोबिनच घे, त्यात ४ साखळ्या, दोन अल्फा १४१ अमिनो ॲसिडच्या नि दोन बीटा १४६ च्या, आणि साखळीची घडी कशी पडणार ते मण्यांच्या क्रमावरच ठरतं. आता बीटात ६ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं, बस्स एवढंच, पण व्हॅलिनला पाणी नको असतं, त्यामुळे ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल. आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडे हा आजार आहे नि तो आईवडिलांकडून मुलांत येतो, म्हणून तिकडचा असशील तर लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या प्लीज.